बॉड, बिट आणि शब्द : तारेच्या वेगाचा हिशेब

गेल्या वर्षी इतिहास विभागाच्या चर्चासत्रात मी ‘आमच्या गावचे तारघर’ या विषयावर एक निबंध वाचला होता. या अंकाच्या वाचकांपैकी पुष्कळ जण त्या वेळी सभागृहात हजर होते. त्या निबंधातील एका वाक्यावर टाळ्याही पडल्या. ते वाक्य असे होते : ‘यंत्र मिनिटाला पाचशे शब्द पाठवू शकत असताना आमच्या तारघरातून मिनिटाला जेमतेम तीस शब्द जात; म्हणजे यंत्राची चौऱ्याण्णव टक्के ताकद कर्मचाऱ्यांच्या सुस्तीपायी वाया जात होती.’

हे वाक्य चूक होते. त्यात थोडी अतिशयोक्ती होती असे नव्हे, ते साफ चूक होते. चूक चारचौघांत केली, तेव्हा दुरुस्तीही चारचौघांतच केली पाहिजे, म्हणून हा लेख. चूक इतिहासाची नव्हती, गणिताचीही नव्हती. गुणाकार-भागाकार सारे बरोबर होते. चूक झाली ती एककांची. वेग मोजणारे एक एकक मी दुसरेच समजून बसले आणि त्या एका गैरसमजापायी तारघरात आयुष्य घालवलेल्या माणसांना आळशी ठरवून मोकळी झाले.

घडले ते असे. आमच्या आळीत एक निवृत्त तारमास्तर राहतात. आम्ही सारे त्यांना काका म्हणतो. त्यांनी १९७८ सालची आपली एक जुनी वही मला विश्वासाने दिली होती. रोज कोणत्या तासाला किती तारा गेल्या, त्यांत किती शब्द होते, याची टिपणे त्यात होती. एका गर्दीच्या तासाची नोंद मी उदाहरणासाठी घेतली : साठ तारा, पत्त्यासकट एकूण अठराशे शब्द. म्हणजे मिनिटाला तीस. दुसरीकडे एका पुस्तकात टेलिप्रिंटरचा वेग ‘५० बॉड’ असा दिला होता. बॉड म्हणजे सेकंदाला एक अक्षर, असे मी गृहीत धरले. मग सेकंदाला ५० अक्षरे, मिनिटाला ३,०००, आणि सहा अक्षरांचा एक शब्द धरला तर मिनिटाला ५०० शब्द. पाचशेपैकी तीस म्हणजे सहा टक्के. निष्कर्ष तयार!

काका चर्चासत्राला आले होते. शेवटच्या रांगेत बसून त्यांनी सगळे ऐकले. दुसऱ्या दिवशी मी वही परत करायला गेले तेव्हा ते एवढेच म्हणाले, “निबंध छान झाला. फक्त एक सांग पोरी, ते पाचशे कुठून आणलेस?”

मी कागदावर हिशेब मांडून दाखवला. त्यांनी तो शांतपणे पाहिला आणि म्हणाले, “अगं, पन्नास बॉड म्हणजे पन्नास अक्षरं नव्हेत. ते ठोके आहेत ठोके.” त्यानंतरच्या दोन-तीन संध्याकाळी त्यांनी मला जे समजावून दिले आणि मग मी पुस्तकांतून जे पडताळून पाहिले, ते येथे सांगते. आपण कलाशाखेचे विद्यार्थी आकडेमोडीला बिचकतो खरे. परंतु यात पाचवीच्या गुणाकार-भागाकारापलीकडचे काही नाही.

तीन प्रश्न, तीन एकके

समजा, गावाबाहेरच्या नाक्यावर उभे राहून आपण बाजाराकडे जाणाऱ्या मालाचा वेग मोजतो आहोत. तीन प्रश्न विचारता येतील. तासाला किती गाड्या गेल्या? त्या गाड्यांतून किती पोती गेली? आणि त्या पोत्यांतून खाण्याजोगे धान्य किती गेले? तिन्ही प्रश्न वेगाचेच आहेत, पण तिन्हींची उत्तरे निराळी येतील. एका गाडीत एकच पोते असेल तर पहिल्या दोन उत्तरांचा आकडा सारखा येईल, चार पोती असतील तर येणार नाही. आणि काही पोत्यांत नुसता पेंढा भरलेला असेल, तर तिसरे उत्तर आणखी वेगळे.

तारेवरून जाणाऱ्या संदेशाचेही असेच आहे. तारेवरील विजेची स्थिती सेकंदाला जास्तीत जास्त किती वेळा बदलू शकते, म्हणजे किती ठोके पडू शकतात, हे सांगते ते एकक बॉड. या आपल्या गाड्या. त्या ठोक्यांतून ‘होय की नाही’ या स्वरूपाची किती उत्तरे जातात, ते सांगते ते एकक ‘बिट दर सेकंदास’. ही पोती. आणि वाचणाऱ्याच्या हाती शेवटी किती अक्षरे किंवा शब्द पडले, हे सांगतात ती ‘अक्षरे दर सेकंदास’ आणि ‘शब्द दर मिनिटास’ ही एकके. हे धान्य. एका एककातून दुसऱ्यात जायचे तर एका गाडीत पोती किती आणि पेंढा किती, हे आधी ठाऊक पाहिजे. मी ते न विचारताच गाड्यांना धान्य म्हटले होते.

‘पॅरिस’ नावाचे माप

सर्वांत जुना वेग शब्दांचा. मोर्सच्या कट्ट-कडकट्ट पद्धतीत बिंदू आणि रेघ अशा दोनच खुणा असतात. बिंदूला जेवढा वेळ लागतो तो एक मात्रा धरला तर रेघेला तीन मात्रा लागतात. एकाच अक्षरातील दोन खुणांमध्ये एक मात्रा थांबायचे, दोन अक्षरांमध्ये तीन आणि दोन शब्दांमध्ये सात. म्हणजे आपल्या लघु-गुरूसारखाच हा प्रकार. फरक इतकाच की आपला गुरू दोन मात्रांचा, तर मोर्सची रेघ तीन मात्रांची.

पण मग ‘मिनिटाला वीस शब्द’ म्हणजे नेमके काय? इंग्रजीतले ‘ई’ हे अक्षर नुसता एक बिंदू आहे, त्याला एकच मात्रा पुरते. ‘क्यू’ला तेरा मात्रा लागतात. एकाच्या वीस शब्दांना दुसऱ्याच्या वीस शब्दांपेक्षा दुप्पट वेळ लागायचा! म्हणून एक प्रमाण शब्द ठरवण्यात आला : ‘पॅरिस’. रोमन लिपीत हा पाच अक्षरांचा शब्द. अक्षरांनंतरच्या मोकळ्या जागेसह त्याच्या मात्रा मोजल्या तर पी १४, ए ८, आर १०, आय ६ आणि शेवटच्या शब्दान्तरासह एस १२, अशा बरोबर ५० होतात. आता रूपांतर सोपे झाले. मिनिटाला २० शब्द म्हणजे मिनिटाला १,००० मात्रा, सेकंदाला १६.६७ मात्रा, म्हणजेच १६.६७ बॉड. एका मात्रेला ६० मिलिसेकंद. थोडक्यात, मोर्सचे शब्द दर मिनिटास घ्यावेत, त्यांना ५० ने गुणून ६० ने भागावे, की बॉड मिळतात.

येथे एक सावधगिरी बाळगावी लागते. वेग मोजायचा शब्द आणि पैसे आकारायचा शब्द हे एक नव्हेत. तारेचे शुल्क मोजताना ठराविक मर्यादेपर्यंत आखूड शब्दही एक आणि लांब शब्दही एकच धरला जाई. गिऱ्हाईक शब्द मोजत असे खिशासाठी. तारमास्तर मोजत असे घड्याळासाठी.

पन्नास बॉडचे सहासष्ट शब्द

मोर्सची पद्धत जर मात्रावृत्त मानली, तर टेलिप्रिंटरची पद्धत अक्षरछंदासारखी म्हणावी लागेल. अभंगाच्या चरणात जशी ठरलेली अक्षरे, तसे येथे प्रत्येक अक्षराला ठरलेले ठोके. ही कल्पना रुजवली ती एमिल बॉडो (१८४५–१९०३) या फ्रेंच तारखात्यातील माणसाने. १८७४ मध्ये त्याने आपल्या छपाई-तारयंत्राचे एकस्व घेतले. प्रत्येक अक्षरासाठी बरोबर पाच ठोके आणि प्रत्येक ठोक्याला दोनच शक्यता, अशी त्याची रचना होती. पुढे न्यूझीलंडमध्ये जन्मलेल्या डोनाल्ड मरे याने त्या संकेतात फेरफार केले आणि त्यातूनच टेलिप्रिंटरचा आंतरराष्ट्रीय संकेत तयार झाला. ‘बॉड’ हे एकक बॉडोच्याच नावावरून आले आहे. ‘बॉड दर सेकंदास’ असे मी निबंधात एके ठिकाणी लिहिले होते, तेही चूकच. बॉड म्हणजेच सेकंदाला पडणारे ठोके. त्याला पुन्हा ‘दर सेकंदास’ जोडणे म्हणजे ‘पिवळे पीतांबर’ म्हणण्यासारखे आहे.

आता ५० बॉडचा हिशेब करू. सेकंदाला ५० ठोके, म्हणजे एका ठोक्याला २० मिलिसेकंद. अक्षराचे ठोके पाच. पण एवढ्याने भागत नाही. पलीकडच्या यंत्राला ‘आता अक्षर येत आहे’ असे कळवण्यासाठी आधी एक आरंभीचा ठोका द्यावा लागतो, आणि अक्षर संपल्यावर यंत्राला पुन्हा सावरून उभे राहता यावे म्हणून दीड ठोक्याइतका विराम लागतो. एक, पाच आणि दीड मिळून साडेसात. म्हणजे एका अक्षराला साडेसात ठोके, अर्थात १५० मिलिसेकंद. ५० ला साडेसातांनी भागले की सेकंदाला ६.६७ अक्षरे येतात; मिनिटाला बरोबर ४००. तारखात्याचा शब्द पाच अक्षरे व एक मोकळी जागा असा सहांचा. ४०० भागिले ६ म्हणजे मिनिटाला ६६.६७ शब्द.

हे होते ते खरे उत्तर! पाचशे नव्हे, सहासष्ट. जगभर टेलेक्सचा वेग हाच होता. माझा आकडा खऱ्याच्या साडेसातपट होता, आणि ते साडेसात कोठून आले हे आता आपल्याला दिसतेच आहे.

या हिशेबातील पेंढाही पाहून घ्यावा. साडेसात ठोक्यांतले खरे माहितीचे पाचच. म्हणून ५० बॉडच्या तारेतून सेकंदाला ५० बिट माहिती जाते असे म्हणणेही बरोबर नाही. जाते ती ३३.३३ बिट. ‘बिट’ हा शब्द छापून प्रसिद्ध केला तो क्लॉड शॅनन या अमेरिकन शास्त्रज्ञाने १९४८ च्या आपल्या विख्यात निबंधात, आणि तो सुचवल्याचे श्रेय त्याने जॉन टकी याला दिले.

देश बदलला की माप बदलते, हेही येथे दिसते. अमेरिकेत टेलिप्रिंटरचा ठोका २२ मिलिसेकंदांचा असे, म्हणजे ४५.४५ बॉड. सहा ठोक्यांचे १३२ आणि विरामाचे ३१ मिळून एका अक्षराला १६३ मिलिसेकंद. यावरून मिनिटाला सुमारे ३६८ अक्षरे, म्हणजे ६१ शब्द येतात. तिकडे त्याला ‘साठ शब्दांचे यंत्र’ असे ढोबळ नाव होते. जुन्या पुस्तकात ‘साठ शब्द’ वाचून कोणी उलट हिशेब करू लागला तर त्याला नेमके ४५.४५ मिळणार नाहीत. नाव ढोबळ, माप काटेकोर.

शिवाय पाच ठोक्यांतून दोनाचा पाचवा घात, म्हणजे ३२ च खुणा निघतात. रोमन लिपीची अक्षरेच २६. मग आकडे कोठे बसवायचे? त्यासाठी ‘आता आकडे’ आणि ‘आता अक्षरे’ असे सांगणाऱ्या दोन खुणा राखून ठेवलेल्या असतात, आणि एकच खूण प्रसंगानुसार अक्षर किंवा आकडा होते. मजकुरात मध्येच ‘१२’ पाठवायचे तर आधी एक खूण, मग दोन आकडे, मग परतीची खूण अशा चार कळा दाबाव्या लागत. पत्ते, रकमा, गाड्यांच्या वेळा यांनी भरलेल्या तारांमध्ये हा खर्च पदोपदी होई, आणि शब्दांच्या मोजदादीत तो कोठेच दिसत नसे.

एका ठोक्यात किती?

आतापर्यंत एका ठोक्याला दोनच शक्यता होत्या, म्हणून एका गाडीत एकच पोते होते. टेलिफोनच्या तारेवरून संगणकांचे बोलणे सुरू झाले तेव्हा ही सोय संपली. टेलिफोनची तार ३०० ते ३,४०० हर्ट्झ एवढ्याच पट्ट्यातले आवाज वाहून नेते. तिच्यावर ठोके हवे तितके दाट घालता येत नाहीत. तेव्हा अभियंत्यांनी विचार केला, की गाड्या वाढत नसतील तर गाडीत पोती जास्त भरावीत.

हे कसे, ते तबल्यावरून समजून घेता येईल. समजा, एका मात्रेला एकच बोल वाजवायचा असा नियम आहे. वादकाजवळ ‘धा’ आणि ‘ना’ असे दोनच बोल असतील, तर प्रत्येक मात्रेला तो एका ‘होय-नाही’चे उत्तर देऊ शकेल, म्हणजे एक बिट. त्याच्याजवळ धा, ना, तिं, धिं असे चार बोल असतील, तर एका मात्रेत दोन उत्तरे सांगून होतील, म्हणजे दोन बिट. सोळा बोल असतील तर चार. लय तीच, ठोकेही तेवढेच, पण सांगणे चौपट. ही दुगुन-चौगुन नव्हे, हे मात्र ध्यानात ठेवावे; दुगुनीत मात्रेचे तुकडे होतात, येथे मात्रा अखंड राहते व फक्त बोलांची निवड वाढते. ऐकणाऱ्याचे कान मात्र तयार पाहिजेत. बोल जितके अधिक, तितका त्यांच्यातला फरक सूक्ष्म आणि खरखरीत चूक होण्याचा संभव मोठा.

मॉडेम नावाचे यंत्र हेच करी. सेकंदाला २,४०० बिट पाठवणारे व्ही.२२ बिस या मानकाचे मॉडेम प्रत्यक्षात ६०० च बॉडचे होते. प्रत्येक ठोक्यात चार बिट. सेकंदाला ९,६०० बिटांचे व्ही.३२ मॉडेम २,४०० बॉडचे. तेथेही ठोक्याला चार बिट. बाजारात आणि जाहिरातींत मात्र त्यांना सर्रास ‘९६०० बॉडचे मॉडेम’ म्हटले जाई. टेलिप्रिंटरच्या काळी बॉड आणि तारेवरचे बिट यांचा आकडा एकच येत असल्यामुळे लोकांच्या तोंडी जुना शब्द बसला होता. अर्थ बदलला तरी शब्द गेला नाही. भाषेच्या अभ्यासकांना हा प्रकार नवा नाही.

बिटांवरून अक्षरांकडे येताना येथेही पेंढा वजा करावा लागतो. अक्षराचे आठ बिट, आरंभाचा एक व शेवटचा एक असे दहा बिट धरण्याची रीत होती. म्हणून ९,६०० बिटांच्या तारेवरून सेकंदाला ९६० अक्षरे. टेलिप्रिंटरच्या ६.६७ अक्षरांशी तुलना केली तर ही १४४ पट झाली. ज्यांना ‘९६०० भागिले ५०’ करून १९२ पट असे उत्तर काढण्याचा मोह होईल, त्यांना माझी हकिकत पुरेशी बोलकी आहे.

चौसष्ट हजारांचे गणित

पुढची पायरी म्हणजे आवाजाचेच आकड्यांत रूपांतर. ही कल्पना ॲलेक रीव्हज या इंग्रज अभियंत्याने १९३८ मध्ये मांडली. भारतात अशी पहिली यंत्रणा १९७५ मध्ये सुरू झाली, तीही आपल्या मुंबईत. शहर आणि अंधेरी येथील टेलिफोन केंद्रांच्या दरम्यान. त्यानंतर चार वर्षांनी, १९७९ मध्ये, टेलिफोन केंद्रांना जोडणारी देशातील पहिली प्रकाशतंतूची यंत्रणा पुण्यात बसवण्यात आली.

तिचा हिशेब असा. बोलण्याचा आवाज ४,००० हर्ट्झच्या आत बसतो. तो नीट टिपायचा तर त्याच्या दुप्पट, म्हणजे सेकंदाला ८,००० वेळा त्याची उंची मोजावी लागते. प्रत्येक मापन आठ बिटांत लिहायचे. ८,००० गुणिले ८ म्हणजे सेकंदाला ६४,००० बिट. एका बोलणाऱ्याला लागणारी ही जागा. अशा बत्तीस जागा एकत्र बांधल्या, की २०,४८,००० बिट होतात. या बत्तिसांतल्या तीस जागा बोलण्यासाठी. एक जागा गठ्ठ्याची सुरुवात ओळखण्यासाठी आणि एक घंटी, नंबर वगैरे निरोपांसाठी. भारताने ही युरोपीय पद्धत घेतली. अमेरिकेत चोवीस जागांचा गठ्ठा करतात आणि त्यावर ओळखीचा एक बिट ठेवतात : २४ गुणिले ८ अधिक १ म्हणजे १९३, त्याला ८,००० ने गुणले की १५,४४,००० बिट.

एका माणसाच्या बोलण्याला लागणाऱ्या ६४,००० बिटांत टेलिप्रिंटरची किती माहिती मावते, हे मी काढून पाहिले. ६४,००० भागिले ३३.३३ म्हणजे १,९२०. एक माणूस फोनवर नुसते ‘हॅलो, हॅलो’ म्हणत असतो त्या वेळात एकोणीसशेवीस टेलिप्रिंटरांचा मजकूर जाऊ शकेल! लिहिलेला शब्द किती काटकसरी असतो, याचा याहून चांगला दाखला मला सापडला नाही.

बिट, बाइट आणि किलो

आठ बिटांच्या गठ्ठ्याला बाइट म्हणतात. हा शब्द वर्नर बुखहोल्झ याने १९५६ च्या सुमारास वापरात आणला. गोंधळ असा, की तारेचा वेग परंपरेने बिटांत सांगतात आणि साठवणीचा आकार बाइटांत. इंग्रजीत बिटासाठी लहान ‘बी’ आणि बाइटासाठी मोठा ‘बी’ लिहून फरक दाखवतात. आपल्या देवनागरीत लहान-मोठी अक्षरे नाहीत! ‘एमबी’ असे लिहिले की मेगाबिट की मेगाबाइट, हे समजायला मार्ग उरत नाही. म्हणून मराठीत लिहिताना हे शब्द पूर्णच लिहावेत, असे माझे सर्व लेखकमित्रांना सांगणे आहे. ६० मेगाबाइटची ध्वनिफीत सेकंदाला ८ मेगाबिटांच्या जोडणीवरून पाठवायची, तर साठाला आठांनी भागून साडेसात सेकंद म्हणणे चूक. आधी ६० गुणिले ८ म्हणजे ४८० मेगाबिट, मग भागिले ८. उत्तर साठ सेकंद, आणि प्रत्यक्षात वरखर्चामुळे त्याहून थोडे जास्तच.

दुसरा गोंधळ ‘किलो’चा. तारेच्या जगात किलो म्हणजे नेहमी हजार. संगणकाच्या स्मृतीच्या जगात मात्र दोनाच्या पटींमुळे १,०२४ ला किलो म्हणण्याची सवय पडली. पूर्वी एका गावचा मण दुसऱ्या गावच्या मणाइतका नसे, तशातलीच ही गत. मेगापर्यंत पोचताना हा फरक जवळजवळ पाच टक्क्यांचा होतो. १९९८ मध्ये आंतरराष्ट्रीय विद्युत-तांत्रिक आयोगाने १,०२४ साठी ‘किबी’ असे वेगळे नाव दिले, पण जुन्या कागदांत ते मिळणार नाही. वरच्या २,०४८ किलोबिटांच्या आकड्याकडे पाहून कोणाला वाटेल, की हे दोन वेळा १,०२४. तसे नव्हे. ते बत्तीस वेळा चौसष्ट आहे, आणि त्यातला किलो हजाराचाच आहे.

अक्षर म्हणजे किती?

शेवटी आपल्या भाषेविषयी. वरच्या साऱ्या हिशेबात ‘अक्षर’ म्हणजे रोमन अक्षर होते. ‘महाराष्ट्र’ हा शब्द घ्या. उच्चारात चार अक्षरे : म, हा, रा, ष्ट्र. पण संगणक काने आणि हलन्ताची खूण वेगवेगळी मोजतो, म्हणून त्याच्या लेखी दहा खुणा. १९९१ च्या इस्की या भारतीय मानकात प्रत्येक खुणेला एक बाइट लागे, म्हणजे दहा बाइट. आज सर्वत्र रूढ असलेल्या युनिकोडच्या यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीच्या प्रत्येक खुणेला तीन बाइट लागतात. म्हणजे तीस बाइट, २४० बिट. सेकंदाला २४० बाइट नेणाऱ्या जुन्या मॉडेमवर हा एक शब्द पाठवायला एक अष्टमांश सेकंद लागला असता.

मोबाइलवरचा साधा संदेश हे याचे रोजचे उदाहरण आहे. त्याची मर्यादा १४० बाइट, म्हणजे १,१२० बिट. रोमन अक्षराला सात बिट, म्हणून १६० अक्षरे मावतात. देवनागरीत लिहिले की प्रत्येक खुणेला सोळा बिट, म्हणून सत्तरच. मर्यादा तीच, अक्षराचे वजन बदलले.

हिशेब पुन्हा

आता माझ्या त्या वाक्याकडे वळते. यंत्राची कमाल क्षमता मिनिटाला ६६.६७ शब्द. त्यातले तीस म्हणजे सहा टक्के नव्हेत, पंचेचाळीस टक्के. शिवाय काकांनी माझी आणखी एक चूक दाखवली. वहीत ‘गेलेल्या’ तारांशेजारी ‘आलेल्या’ तारांचाही रकाना होता, आणि मी तो सोडून दिला होता. त्या तारेवर एका वेळी एकाच दिशेने मजकूर जाई. समोरचा बोलत असला की आपण थांबायचे. त्याच तासात वीस तारा आल्या होत्या, सुमारे सहाशे शब्दांच्या. म्हणजे तासाला चोवीसशे, मिनिटाला चाळीस. सहासष्टांपैकी चाळीस म्हणजे साठ टक्के. उरलेल्या चाळीस टक्क्यांत तारेचा क्रमांक टाकणे, पोच घेणे, आकड्यांच्या जादा कळा, चुकलेला शब्द पुन्हा पाठवणे आणि कागद बदलणे हे सारे आले.

टंकलेखन शिकणाऱ्या मित्रांसाठी आणखी एक तुलना. टंकलेखनात साधारणपणे पाच ठोक्यांचा शब्द धरतात. त्या मापाने टेलिप्रिंटरची ४०० अक्षरे म्हणजे मिनिटाला ८० शब्द. आपल्याकडे चाळीस शब्दांची परीक्षा उत्तीर्ण झालेला माणूस चांगला समजतात. यंत्र माणसाच्या बोटांहून वेगवान होते, म्हणूनच मोठ्या तारघरांत आधी कागदी फितीवर भोके पाडून मजकूर तयार ठेवीत आणि मग ती फीत यंत्रातून पूर्ण वेगाने सोडीत. आमच्या छोट्या तारघरात ती सोय नव्हती. तेथे सारे बोटांवरच होते.

देशातील तारसेवा जुलै २०१३ मध्ये बंद झाली. ती यंत्रे भंगारात गेली. उरल्या आहेत त्या अशा वह्या आणि त्यांत लिहिलेले आकडे. पुढेमागे आपल्यापैकी कोणी त्यांवर काम करील. त्याने एवढेच करावे : आकडा घेण्यापूर्वी, हा ठोक्यांचा आहे, बिटांचा आहे की अक्षरांचा, ते विचारावे, एका ठोक्यात बिट किती व त्यांतले वरखर्चाचे किती, ते पाहावे, ‘शब्द’ कोणत्या मापाचा व ‘किलो’ कोणत्या जगातला, हे ठरवून घ्यावे, आणि दोन्ही दिशांची बेरीज करावी. मगच कोणाला आळशी म्हणावे.

दुरुस्त केलेला निबंध मी विभागात दिला आहे आणि काकांच्या परवानगीने वहीची प्रत ग्रंथालयात ठेवली आहे. काकांना मी सुधारलेले पान दाखवले, तेव्हा ते चष्मा पुसत म्हणाले, “साठ टक्के म्हणजे फर्स्ट क्लास झाला की आमचा!” गेल्या वर्षी माझ्या त्या वाक्याला ज्यांनी टाळ्या दिल्या, त्यांनी त्या कृपा करून परत घ्याव्यात आणि काकांना द्याव्यात, एवढीच विनंती.